साहिलच्या डोळ्यांतलं काजळ

पितळेची आहे मी, जुनी आहे आणि आतून साफ रिकामी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी काजळाची डबी पाहिली असेल कोण जाणे. हल्ली काजळाच्या काड्या मिळतात, पेन्सिलीसारख्या. ओढली रेघ की झालं. माझ्या काळी तसं नव्हतं. बोट माझ्यात बुडवावं लागे, आणि ते बोट दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्याला लावावं लागे. मी कधी कोणाच्या घाईला पुरले नाही, आणि घाई करणाऱ्यांची मला चीडच आहे.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथलं पितळ नावाजलेलं. ज्याने मला घडवलं त्याने माझ्या झाकणावर एक लहानसा मोर कोरला आणि मला तीनदा चिंचेने घासलं. नागपूरच्या पंचफुलाबाईंनी मला विकत घेतलं, कारण त्यांच्या घरी पाळणा हलणार होता. एरंडेलाच्या दिव्यावर त्या तांब्याचं ताट उपडं धरत, त्याची काजळी माझ्यात खरवडत आणि वर थेंबभर तूप घालत. ते काजळ त्यांच्या बाळाच्या डोळ्यांत जाई. त्या बाळाचं नाव बळीराम. मुलगा होता बरं का! पण मुलाच्या डोळ्यांत काजळ कशाला, असं कोणी विचारलं नाही. उलट शेजारच्या बाया म्हणायच्या, "काय गोड दिसून राहिलं वं पोट्टं!"

पुढे बळीराम मोठा झाला, प्रताप नगरात त्याने कूलरचं दुकान टाकलं, सिंधूताईंशी लग्न केलं. त्यांना मुलगा झाला, साहिल. पुन्हा माझ्यात काजळ भरलं गेलं. साहिलचे डोळे मोठे होते, पाणीदार होते. सिंधूताई त्याला मांडीवर घेऊन बसत आणि मला जवळ ठेवत. तेवढ्यात डॉक्टरांनी सांगितलं की बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नये, इन्फेक्शन होतं. डॉक्टरांचं खरंच असेल. पण मला मात्र कपाटात, जुन्या साड्यांच्या मागे ढकलून दिलं ते दिलंच. किती वर्षं मी तिथे होते ते मला सांगता येणार नाही. अंधारात कोण मोजतं!

एके दिवशी कपाट उघडलं आणि एका लांब, सडपातळ हाताने मला बाहेर काढलं. साहिल कॉलेजात जाऊ लागला होता. अंगात काळा शर्ट, काळी पँट, नखं काळी. मी म्हटलं, कोणी गेलं की काय घरात? त्याने माझं झाकण उघडलं, हसला आणि मला खिशात टाकलं.

सीताबर्डीत दामिनी नावाच्या मुलीचं गोंदवायचं दुकान होतं. टॅटू म्हणतात आता. त्याच्यावर गच्ची होती. दर रविवारी दुपारी तिथे चौघं जमत. दामिनी, नर्सिंगला शिकणारी नूपुर, गिटार वाजवणारा प्रशिक आणि आमचा साहिल. ते स्वतःला गॉथ म्हणवत. काळे कपडे घालायचे, संथ उदास गाणी ऐकायची, मरणाबद्दल न घाबरता बोलायचं, असा त्यांचा खाक्या. नागपूरच्या उन्हात डोक्यापासून पायापर्यंत काळं घालायचं म्हणजे थट्टा नव्हे. घामाने पोरं नुसती निथळत असत, पण एकाने कधी पांढरा रुमाल बांधला नाही.

दामिनी त्यांची मोठी ताईच. ती सांगायची, "गॉथ लोकायमध्ये पोट्टे काजळ लावते, लाली लावते, कोणी हासत नाही. पोट्ट्यानं पोट्ट्यावर प्रेम केलं तरी चालते. पहिल्यापासून चालते. आपल्यातही तसंच पाहिजे." जिन्याच्या दारावर तिने इंद्रधनुष्याचा एक स्टिकर चिकटवला होता. येणारा जाणारा प्रत्येक जण तो पाहूनच वर येई.

गच्चीवर आरसा नव्हता. म्हणून पहिल्याच रविवारी त्यांनी एक रीत पाडली. चौघांनी गोल बसायचं आणि प्रत्येकाने शेजारच्याच्या डोळ्यांत काजळ घालायचं. स्वतःचं स्वतः लावायचं नाही. दामिनी नूपुरला लावी, नूपुर प्रशिकला, प्रशिक साहिलला आणि साहिल दामिनीला. ताज्या काजळाने भरलेली मी मध्ये बसायची. मित्रांनो, दुसऱ्याच्या बोटासमोर डोळा उघडा ठेवून बसायला फार भरवसा लागतो. करून पाहा एकदा. पापणी आपोआप मिटते. साहिलची कधी मिटली नाही. प्रशिक एका हाताने त्याची हनुवटी धरी, दुसऱ्या हाताची करंगळी माझ्यात बुडवी आणि म्हणे, "हलू नको बे, नाही तर अस्वल दिसशील." साहिलच्या गालाला खळी पडे. इतक्या वर्षांनी मला काम मिळालं होतं, आणि ते काम मला आवडत होतं.

मग फोटो काढायचे. प्रशिक आणि साहिल कपाळाला कपाळ लावून बसत, डोळे काळेभोर, चेहरे दुःखी. ते फोटो दामिनी फोनवरून सगळीकडे पाठवी. लोक वाहवा करत. अनोळखी लोक बदाम पाठवत. संध्याकाळी घरी निघण्याआधी साहिल नळाखाली साबण लावून डोळे खसखसा धुई, कारण बळीरामच्या नजरेला ते पडलेलं चाललं नसतं.

एका रविवारी चौघं व्हरायटी चौकातून येत होते. एका रिक्षातून कोणीतरी ओरडलं, "ए छम्मकछल्लो, काजल किसके लिए लगाया?" अशी टोमणेबाजी रोजचीच. प्रशिकने नेहमीचं उत्तर दिलं, "हम वैसे नहीं हैं भाई, ये स्टाइल है." रिक्षावाला हसला, हे हसले, आणि सगळे गच्चीवर आले.

गोल बसले. प्रशिकने साहिलची हनुवटी धरली. तेव्हा साहिल म्हणाला, "मी आहो."

"काय आहेस?" नूपुरने विचारलं.

"तसा. तो रिक्षावाला म्हणत होता तसा. मले पोट्टेच आवडते. लहानपणापासून."

प्रशिकची करंगळी माझ्यात होती. ती तशीच थांबली. दामिनी उठली आणि साहिलच्या गळ्यात पडली. "अरे वेड्या, मंग एवढे दिवस काहून नाही सांगितलं? आपल्याले काय फरक पडते!" नूपुरनेही मिठी मारली. प्रशिक म्हणाला, "मस्त न बे. काही टेन्शन नको घेऊ." साहिल रडला. अर्धं लावलेलं काजळ गालावर ओघळलं आणि सगळे त्याला हसले, प्रेमाने हसले. मला वाटलं, चला, पोरगं ठिकाणाला लागलं. घरात नाही तर नाही, इथे तरी त्याला जागा झाली. कपाळ माझं!

पुढच्या रविवारी प्रशिक घरूनच काजळ लावून आला. म्हणाला, "उशीर होऊन राहिला होता, म्हणून लावून टाकलं." आणि साहिलला? "आज हात दुखून राहिला माह्या. नूपुर लावून देईल." नूपुरने लावलं, पण पटकन, हनुवटी न धरता. त्याच्या पुढच्या रविवारी दामिनी म्हणाली, मी लेन्स घातली आहे, डोळ्याला कोणी हात लावू नका. मग नूपुरनेही पर्समधून काजळाची काडी काढली. मी मध्ये बसलेली, झाकण उघडं, आणि माझ्याकडे कोणी पाहीना. एक शब्द कोणी वाईट बोललं नाही हो. शिवी दिली असती तर साहिल भांडला तरी असता. चहा देत होते, कसा आहेस विचारत होते, फक्त बसताना त्याच्या दोन्ही बाजूंना जरा जास्त जागा सोडत होते. कपाळाला कपाळ लावलेले फोटो प्रशिकने फोनमधून काढून टाकले. खोटं होतं तोवर ते फोटो सुंदर होते. आता ते खरे वाटू लागले, तर पोरगा भ्यायला.

साहिल दर रविवारी मला खिशात घेऊन येई. झाकण उघडून मध्ये ठेवी. संध्याकाळी तशीच भरलेली परत नेई. एकदाही त्याने तक्रार केली नाही, आणि मला त्याचाच राग येई. अरे बोल ना! पण त्याला भीती होती. हे तिघं सोडले तर अख्ख्या शहरात त्याचं असं कोणी नव्हतं. त्यांनीही जा म्हटलं, तर मग जायचं कुठे?

एप्रिलमध्ये त्यांना एका कॅफेत गाण्याचा कार्यक्रम मिळाला. प्रशिक गाणार, बाकीचे तिघं त्याच्या मागे काळ्या पडद्यासमोर उभे राहणार. त्याआधीच्या रविवारी दुपारी गच्ची तापून लाल झाली होती. दामिनीने साहिलला बाजूला घेतलं, पण बाजूला म्हणजे माझ्या समोरच.

"या वेळेस तू नको येऊ," ती म्हणाली. "फक्त या वेळेस."

"काहून?"

दामिनीने प्रशिककडे पाहिलं. प्रशिक गिटारच्या तारा उगाच आवळत बसला होता. तो म्हणाला, "माह्या आईनं तो फोटो पाहिला. कोण आहे म्हणे हा? मी सांगितलं, दोस्त आहे, नाटकासारखं करतो आम्ही. आता तू स्टेजवर माह्या बाजूला उभा राहशील आणि कोणी काही बोललं, तर मी काय सांगू? पहिले आपण म्हणू शकत होतो, स्टाइल आहे म्हणून. आता कसं म्हणू?"

"पण दारावर तर..." साहिल म्हणाला.

"दारावरचं खरंच आहे," दामिनी म्हणाली. "मी मानते ते. पण नागपुरात राहाचं आहे न आपल्याले. समजून घे थोडं."

समजून कोणी घ्यायचं, तर ज्याला बाहेर काढलं त्याने! मित्रांनो, दामिनी दुष्ट नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण त्या पाण्याचा साहिलला काय उपयोग?

 साहिलने मला उचललं आणि प्रशिकसमोर धरलं. "ठीक आहे, नाही येत. फक्त एकदा लावून दे. पहिल्यासारखं. मंग जातो."

प्रशिकने आपल्या हातांकडे पाहिलं. हात काही हलले नाहीत. नूपुरचा हात मात्र उचलला गेला. माझ्या काठाशी येणारच होता. दामिनीने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि नूपुरने तो हात केसांतून फिरवला, जणू त्यासाठीच उचलला होता. खाली रस्त्यावर एक बस थांब्यावर थांबली, माणसं चढली, बस गेली. तेवढा वेळ साहिल मला धरून उभा होता.

मग त्याने स्वतःचं बोट माझ्यात बुडवलं आणि आरशाशिवाय स्वतःच स्वतःच्या डोळ्यांत काजळ घातलं. जाड, वाकडंतिकडं. जिना उतरून तो निघून गेला. नळाकडे वळलासुद्धा नाही.

नेमका तेव्हाच बळीरामचा फोन आला, दुकानात ये म्हणून. उन्हाळा म्हणजे कूलरवाल्यांची सुगी. दुकानासमोर पत्र्याच्या बॉड्या रंगवायला मांडलेल्या, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, गिऱ्हाइकांची गर्दी. बळीराम एका बॉडीवर सांडलेला रंग थिनरच्या फडक्याने पुसत होता. साहिल समोर जाऊन उभा राहिला.

"हे काय थोबाड करून आला बे?" बळीराम म्हणाला.

"काजळ आहे, बाबा."

"पुस ते."

"नाही पुसत."

एक गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं. "बळीरामभाऊ, पोट्टं हाय का पोट्टी?"

ते हसणं बळीरामला झोंबलं. त्याने एका हाताने साहिलची मान धरली आणि दुसऱ्या हातात जे फडकं होतं त्यानेच त्याचे डोळे घासले. हातात काय आहे हे त्याला कळलं नाही. साहिलची किंकाळी ऐकून कळलं. मग तो वेड्यासारखा धावला, कूलरच्या टाकीतलं पाणी ओंजळीने त्याच्या तोंडावर मारू लागला, "डोळे उघड रे बाबू, डोळे उघड," असं ओरडू लागला. मी साहिलच्या खिशात होते. ज्या माणसाच्या डोळ्यांत माझं काजळ पहिल्यांदा गेलं, त्याच माणसाच्या हातून हे झालं. त्याच्या आईने त्यालाही हेच काजळ लावलं होतं, हे त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

धंतोलीतल्या एका दवाखान्यात साहिलला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? बळीरामने तोंड उघडायच्या आत साहिल म्हणाला, "दुकानात थिनर उडालं." बळीराम बाहेर गेला आणि खालच्या पायरीवर जाऊन बसला. नंतर तो रोज येई, पण त्या पायरीच्या वर येत नसे. साहिलच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. सिंधूताईंना त्याच्या कपड्यांत मी सापडले. त्यांनी मला ओळखलं, पदराने पुसलं आणि खाटेजवळच्या स्टुलावर औषधांच्या बाटल्यांशेजारी ठेवलं. कशासाठी ठेवलं ते त्यांनाही ठाऊक नसेल.

दुपारी सिंधूताई औषधं आणायला खाली गेल्या, की साहिल एकटा असे. अशाच एका दुपारी व्हरांड्यात बुटांच्या साखळ्या वाजल्या. प्रशिक दारात येऊन उभा राहिला. काळे कपडे, डोळे मात्र कोरे. त्याने पट्ट्या पाहिल्या. तोंड उघडलं. ओठ हलले. मी मनात म्हणत होते, बोल मेल्या, एक शब्द बोल! साहिलने मान किंचित दाराकडे वळवली होती. प्रशिकने तोंड मिटलं आणि हलक्या पावलांनी काढता पाय घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. पुन्हा तसंच दारात थांबणं, आणि तसंच जाणं.

त्यानंतर नूपुर आली. वॉर्डातल्या सिस्टरला तिने सांगितलं की मी नर्सिंगला आहे, ड्रॉप्स मी घालते. हात धुऊन खाटेशी आली.

"कोण?" साहिलने विचारलं.

"मी. नूपुर."

तिने पट्ट्या सोडल्या.  आतल्या डोळ्यांकडे पाहत तिने त्याची हनुवटी धरली, खालची पापणी बोटाने ओढली आणि थेंब टाकला. साहिलने पापणी मिटली नाही.

"त्या दिवशी माह्या हात उठला होता रे," ती रडत म्हणाली. "मी भेली."

"मले माहीत आहे. तवा दिसत होतं मले."

नूपुरने बाटलीचं झाकण लावलं. मग ती म्हणाली, "कार्यक्रम झाला. मी नाही गेली. दामिनीनं तुह्यासाठी फोनवर इंद्रधनुष्य टाकलं आहे, खूप लोकायनं प्रार्थना लिहिली आहे. वाचून दाखवू?"

"नको."

"प्रशिकले फोन करू का? येईल तो."

"आला होता," साहिल म्हणाला. "दोन वेळा. त्याच्या बुटायचा आवाज मले समजते. दारात उभा होता. मले वाटलं, आता म्हणेल 'साहिल'. बाकी काही नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं."

"मंग तू काहून नाही हाक मारली?"

"मी मारली असती तर शरमेनं आला असता जवळ. तसा नको होता मले."

नूपुरने नव्या पट्ट्या बांधल्या. ती सावकाश बांधत होती, संपूच नये असं वाटत असल्यासारखी.

साहिल आता घरी आहे. डाव्या डोळ्याने त्याला बऱ्यापैकी दिसतं. उजव्या डोळ्याला फक्त उजेड कळतो. डॉक्टरांनी बजावलं आहे, डोळ्याला आयुष्यात कधी काजळ लावायचं नाही. सिंधूताईंनी मला खरवडून धुतलं. बळीराम जेवताना साहिलच्या समोर बसतो, पण मान वर करत नाही. गच्चीवर रविवारी अजून तिघं जमतात. नूपुर नाही, तिच्या जागी एक नवा मुलगा आला आहे, असं ती सांगते. आणि दारावरचा स्टिकरही तसाच आहे म्हणे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, फेकू नका. मी तसं म्हणणार नाही. पितळ आहे मी, पडून राहीन. तुमच्याही दोस्तांच्या टोळ्या असतील. तिथेही कोणी म्हणत असेल, आपल्यात सगळं चालतं, सगळ्यांना जागा आहे. म्हणू द्या. तुम्ही फक्त खरं सांगणाऱ्याच्या शेजारी पुढच्या रविवारी कोण बसतं ते पाहा, आणि कोणी बसलं नाही तर तुम्ही बसा. घाबरलात तरी बसा. त्या दिवशी बसणं जमलं नाही आणि मग तो कुठल्या खाटेवर डोळे बांधून पडला, तर दारात उभे राहू नका. आत जा, आणि आधी आपलं नाव सांगा.